कुंडीतला स्प्रूस आणि खारा वारा : प्रकल्प नोंदी

11 नोव्हेंबर

माळ्यावरून खोकं काढलं आणि प्लास्टिकच्या ख्रिसमस ट्रीचं मधलं बिजागर हातातच आलं. गंजून पार भुगा. या घरात राहायला आल्यापासून खाऱ्या हवेनं आमची सायकलची साखळी, फाटकाची कडी, दोन टोस्टर आणि खिडक्यांचे निम्मे स्क्रू खाल्ले. आता बंद खोक्यातलं झाडही. समुद्र दोनशे पावलांवर असला की घरातलं लोखंड उसनं आणल्यासारखंच असतं.

झाडाचा वरचा अर्धा भाग अजून धड आहे. टाकवेना, म्हणून परत माळ्यावर.

नवरा म्हणाला, "मग या वर्षी खरं आणू या."
मी म्हटलं, "कापलेलं नको. दहा दिवसांसाठी तोडायचं आणि अकराव्या दिवशी फरफटत बाहेर न्यायचं, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."
"मग मुळांसकट."
"कुंडीत."
"कुंडीत."

एवढंच बोलणं झालं. काम दहा दिवसांचं आहे अशी तेव्हा दोघांचीही समजूत होती. ही वही त्यासाठीच घातली. लिहिणार मी, त्याला काही सांगायचं असलं तर तो खाली "भर" घालणार.

14 नोव्हेंबर

जात ठरवण्यात संध्याकाळ गेली. नॉर्डमन फर मूळचा कॉकेशसकडचा. सुया, म्हणजे त्याची बारीक टोकदार पानं, टिकतात, टोचत नाहीत. पण मुळं खोल जातात आणि कुंडीत तो रमत नाही. सिटका स्प्रूस उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा, त्यामुळे समुद्राचे तुषार अंगावर घ्यायची त्याला पिढीजात सवय. न्यूझीलंडच्या दक्षिणेला कॅम्पबेल बेटावर एकच एक सिटका उभा आहे, दुसरं झाड त्याच्यापासून दोनशे किलोमीटरहून लांब. आमच्या किनाऱ्याला हाच शोभला असता. पण त्याच्या सुया अक्षरशः सुया आहेत, आणि दिव्यांची माळ गुंडाळायचं काम माझ्याकडे आहे.

राहिला नॉर्वे स्प्रूस. आकार देखणा, वास हवाहवासा, कुंडीत बऱ्यापैकी तग धरतो. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात 1947 पासून दर वर्षी ऑस्लोहून जे झाड भेट येतं ते याच जातीचं. दोष दोन: घरातल्या उष्णतेनं सुया लवकर गाळतो, आणि मीठ त्याला सोसत नाही. पहिल्या दोषावर आम्ही खूप चर्चा केली. दुसऱ्यावर अजिबात नाही. हे नंतर वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून लिहून ठेवते.

22 नोव्हेंबर

झाड आणलं. उंची 118 सेंमी, कुंडी 25 लिटरची.

रोपवाटिकेत दोन प्रकार होते आणि दुरून दोन्ही सारखेच दिसतात. एक कुंडीतच लहानाचं मोठं झालेलं. दुसरं जमिनीत वाढवून, हंगामाच्या तोंडावर उपटून कुंडीत बसवलेलं. दुसऱ्याची निम्मीअधिक मुळं जमिनीतच तुटून राहिलेली असतात, त्यामुळे ते हिरवं दिसलं तरी पुढचा भरवसा कमी. ओळखायची युक्ती सोपी आहे: बुंधा धरून हलकेच वर उचलायचा. मातीचा सगळा गड्डा बुंध्याबरोबर उचलला गेला तर मुळांनी माती धरलेली आहे. बुंधा एकटाच सैल वर आला तर ठेवून द्यायचं. शिवाय कुंडीच्या तळाच्या भोकांतून पांढुरकी, जिवंत मुळं डोकावताहेत का ते बघायचं. आम्ही सात झाडं उचलून पाहिली. तिथला माणूस शेवटी दुसरीकडे बघायला लागला.

स्प्रूस की फर हे बघायला एक सुई तोडून चिमटीत फिरवायची. स्प्रूसची चौकोनी असते, फिरते. फरची चपटी, फिरत नाही. नवऱ्याने घरी येईपर्यंत तीन सुया फिरवल्या.

भर: पाच. आणि गाडीच्या मागच्या सीटवर राळेचा डाग पडलाय, तो निघत नाही.

23 नोव्हेंबर

ठेवायचं कुठे? घरात इतक्यात न्यायचं नाही, हे पक्कं. थंडीत हे झाड झोपेत असतं. उबेत फार दिवस ठेवलं तर वसंत आला असं समजून कोंब फुगायला लागतात, आणि मग बाहेर नेल्यावर पहिल्याच दहिवरात कोवळं सगळं करपतं. म्हणून घरात जास्तीत जास्त दहा दिवस. तोवर बाहेर.

बाहेर म्हणजे पुढचं अंगण, कारण तिथून ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पुढचं अंगण म्हणजे समुद्राकडचं. इथेही हसायला हरकत नाही.

8 डिसेंबर

मोसमातलं पहिलं मोठं वादळ. बोफर्ट मापावर 9, म्हणजे ताशी 75 ते 88 किलोमीटर. अॅडमिरल बोफर्टने 1805 साली हे माप बसवलं तेव्हा त्यात वेगाचे आकडे नव्हते; वारा किती आहे हे जहाजाला किती शिडं पेलवतात त्यावरून ठरे. आमचंही घरगुती माप आहे. 6 ला कपड्यांचे चिमटे उडतात. 7 ला फाटक आपोआप वाजतं. 8 ला मांजर पलंगाखाली जातं. 9 ला आम्ही दोघं बोलायचं थांबतो, कारण ऐकूच येत नाही.

कुंडी दोनदा आडवी झाली. दुसऱ्यांदा उचलताना तोंडावर पाण्याचा शिडकावा बसला. पाऊस म्हणून जीभ फिरवली तर खारट. लाटा फुटून उडालेले तुषार वारा थेट अंगणात आणत होता.

शेवटी कुंडी भिंतीला टेकवून दोरीने नळाला बांधली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो: वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणजे कालच्या वाऱ्यात शांत उभं होतं म्हणून आज राहील, हा हिशेब चुकीचा. आम्ही तोच केला होता.

9 डिसेंबर

खिडक्यांच्या काचा मिठाने दुधी झाल्यात. त्या पुसल्या. झाड हिरवंगार दिसलं म्हणून त्याला हात लावला नाही. एक छोटी फांदी तुटली, बाकी काही नाही. "वाचलं बुवा," असं आम्ही दोघंही म्हणालो.

15 डिसेंबर

झाड पडवीत आणलं. बाहेरच्या 4 अंशांतून एकदम 20 अंशांच्या खोलीत न्यायचं नाही. मध्ये चार दिवस आडोशाच्या, पण थंड जागेत. पडवीला काचा आहेत, हीटर नाही. इथे 9-10 अंश असतं.

कुंडीतून तीन गोगलगायी आणि एक कोळी निघाला. गोगलगायी बाहेर. कोळी नवऱ्याच्या सांगण्यावरून तिथेच.

19 डिसेंबर

घरात. हीटरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, खिडकीशी. त्या खोलीचा हीटर 16 वर उतरवला. आता आम्ही स्वेटर घालून बसतो आणि झाड मजेत आहे. खाली ताटली, ताटलीत खडे, म्हणजे मुळं पाण्यात उभी राहणार नाहीत. ओल बोटाने पाहायची: दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

कुंडीचं ओलं वजन 31 किलो भरलं (नवरा कुंडी उचलून काट्यावर उभा राहिला, मग त्याचं वजन वजा केलं. त्याचं वजन इथे लिहू नये अशी विनंती आली आहे).

दिवे एलईडीचे, तेही फक्त संध्याकाळी. जुन्या पिवळ्या बल्बांची उष्णता सुया वाळवते. झाडाला विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी, 1882 साली न्यूयॉर्कमध्ये, आपल्या घरी: लाल, पांढरे, निळे असे 80 बल्ब, आणि झाड फिरतं. त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत. राळेने भरलेल्या झाडावर उघडी ज्योत! लोक शेजारी पाण्याची बादली ठेवून सण साजरा करत असत, यात नवल नाही.

वास आज रात्री सगळ्या खोलीत पसरला. प्लास्टिकच्या झाडाची आठवण एकदाही आली नाही.

21 डिसेंबर

बॅरोमीटर काल रात्री 1009 होता, आज सकाळी 994, संध्याकाळी 981. चोवीस तासांच्या आत 28 हेक्टोपास्कल. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी ढोबळ मानाने एक सेंटिमीटरने चढते, म्हणजे वारा धरलाच नाही तरी आज भरती 28 सेंटिमीटर जास्त. आणि वारा धरायचा तर त्याने पाणी किनाऱ्याकडे रेटलेलं असणार, ते वेगळं.

दुपारी तयारी: झडपा लावल्या, टाकी आणि बादल्या भरल्या, टॉर्च तपासले, कचऱ्याचे डबे आत घेतले. एरवी कुंड्या आत घ्यायचं काम शेवटचं असतं. या वेळी झाड आधीपासूनच आत होतं, त्यामुळे आपण फार दूरदृष्टीचे आहोत असं क्षणभर वाटून गेलं.

22 डिसेंबर, पहाटे (टॉर्चच्या उजेडात)

रात्री पावणेअकराला वीज गेली. झाडावरचे दिवे विझले आणि तेव्हाच कळलं की आतापर्यंत आपण त्यांच्याकडेच बघत बसलो होतो.

झोप नाही. वारा धुराड्यातून खालच्या पट्टीत घुमतोय. मोठा झोत आला की घर आधी दम धरतं आणि मग कुठेतरी लाकूड करकरतं. लाटांचा आवाज असा नाहीच. सगळं मिळून एक सलग घरघर, जमिनीतून तळव्यांना जाणवणारी.

दर तासाला बॅरोमीटर बघायला उठतेय. हे वेड जुनं आहे. रॉबर्ट फिट्झरॉय, म्हणजे ज्याच्या बीगल जहाजावर डार्विन होता तो कप्तान, पुढे हवामानाच्या कामात पडला. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटावर वादळात फुटलं आणि 400 हून अधिक माणसं गेली. वादळ येतंय हे तारेने आधी कळवता आलं असतं, असं त्याच्या मनाने घेतलं. 1861 पासून बंदरांना वादळाचे इशारे जायला लागले. गरीब कोळ्यांच्या बंदरांत त्याने बॅरोमीटर बसवून घेतले, सोबत वाचायच्या सूचना. पारा पडताना बघून घरी थांबलेली किती माणसं वाचली असतील, त्याची नोंद कुठेच नसणार.

दोन वाजता 977. तीनला 977. चारला 979.

भर: चारला मी उठलो होतो. ती झाडाशेजारी खुर्चीत झोपलेली होती. झाडाला पांघरूण घातलेलं होतं, तिच्या अंगावर नव्हतं. झाडाला पांघरूण कशाला, हे मी विचारलेलं नाही.

22 डिसेंबर, दुपार

खिडकीच्या फटीतून वारा येत होता म्हणून घातलं होतं. उत्तर दिलं.

छपराच्या कडेचा पत्रा वाकला. कुंपणाच्या दोन पाट्या गायब. अंगणात समुद्रातली शेवाळं, दोरखंडाचा तुकडा आणि एक डाव्या पायाचा बूट. वीज नाही. हीटर बंद असल्याने घरात 11 अंश, म्हणजे झाडाच्या दृष्टीने हवामान उत्तम.

24 डिसेंबर

वीज नाहीच. नवऱ्याने मेणबत्त्या काढल्या. "फक्त फोटोपुरत्या, झाडावर दोन," म्हणाला. मी 19 तारखेची नोंद वाचून दाखवली. मग मेणबत्त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टेबलावर, आणि झाड अंधारात. उजेड लांबून यायचा तेव्हा काचेचे गोळे तेवढे एकेक करून चमकायचे. फोटो आला नाही. बरंच झालं.

25 डिसेंबर

सकाळी दहाला वीज आली. सगळे दिवे एकदम लागले आणि आम्ही दोघंही दचकलो.

सुया मोजल्या: खाली पडलेल्या ओंजळभरसुद्धा नाहीत. 11 अंशांची कृपा.

29 डिसेंबर

दहा दिवस भरले. पुन्हा पडवीत, उलट्या क्रमाने. शेंड्याचा कोंब बोटाने दाबून पाहिला: कडक, बंद. जागा झालेला नाही.

3 जानेवारी

आता खरा प्रश्न. लावायचं कुठे?

नॉर्वे स्प्रूस पूर्ण वाढला तर 40 मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याची मुळं उथळ पसरतात, म्हणून मोठ्या वादळात तो मुळांसकट उलथतो. घराच्या आडोशाला लावला तर वाऱ्यापासून वाचेल, पण उद्या घरावर पडेल. घरापासून लांब लावला तर घर वाचेल, पण झाडाला वारा खाईल. नवरा म्हणतो, 40 मीटर व्हायला शंभर वर्षं लागतील, तेव्हा बघू. "तेव्हा बघू" म्हणणारा माणूस आणि मी एकाच छपराखाली राहतो.

तडजोड: मागच्या बाजूला, खोपटाच्या पलीकडे. घरापासून 14 मीटर. समुद्राकडून थेट वारा नाही, पण कोपऱ्यावरून वळून येणारा आहे. तिथे आडोसा उभारायचा.

10 जानेवारी

आडोसा झाला. दोन खांब, मध्ये प्लायवूडचा अख्खा तक्ता, उंची दीड मीटर. कुंडी त्याच्या मागे. भक्कम दिसतोय.

13 जानेवारी

बोफर्ट 8. तक्त्यामागे झाड शांत उभं असेल म्हणून बघायला गेलो तर ते भिंगरीसारखं फिरत होतं. समोरून वारा नाही, पण वरून आणि बाजूंनी. शेंडा कधी इकडे, कधी तिकडे, मध्येच चक्क वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. अंगणात नुसतं उभं होतं तेव्हा निदान एकाच बाजूला वाकत होतं.

रात्री नऊला तक्ता खांबासकट आडवा. झाड वाचलं ते फक्त तक्ता दुसरीकडे पडला म्हणून.

14 जानेवारी

चूक कळली. भिंत वारा थांबवत नाही, त्याला वरून उडी मारायला लावते. उडी मारलेला वारा पलीकडे भोवरा करून खाली आपटतो. वारा अडवायचा नसतो, गाळायचा असतो. निम्मी जागा मोकळी असलेली जाळी किंवा कुंपण वाऱ्याचा जोर मोडतं आणि उरलेला वारा सरळ जाऊ देतं, त्यामुळे भोवरा होत नाही. असा आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. दीड मीटर जाळी म्हणजे पंधरा मीटरपर्यंत थोडीफार मदत. झाड जवळ असलं तर भरपूर.

शिवाय तक्त्यावर वाऱ्याचा सगळा जोर येतो आणि तो खांबांना सोसावा लागतो. जाळीवर निम्माच.

आम्ही किनाऱ्यावर राहतो, रोज हेच बघतो. जुन्या बांधावर रचलेल्या दगडांमधून उजेड दिसतो तो बांधणाऱ्याचा आळस नव्हे, हे आज कळलं. (प्लायवूड खोपटात. त्याचं काय करायचं ते नवऱ्याला विचारू नये.)

18 जानेवारी

नवे खांब, पाऊण मीटर खोल. पहार लावून खड्डे खणले, खाली सगळी वाळू आणि गोटे. खांबांच्या बुडाशी दगड ठोकले, लाकडी पाचरी मारल्या. जाळी ताणून बांधली, खिळ्यांऐवजी पट्ट्या लावून, म्हणजे भोकापाशी फाटणार नाही. स्क्रू सगळे स्टेनलेस. साध्या स्क्रूंचा अनुभव वहीच्या पहिल्या पानावर आहे.

27 जानेवारी

पुन्हा 9. जाळी फुगली, खांब हलले नाहीत, झाड डोलत राहिलं. भोवरा नाही.

वादळ ओसरल्यावर पहिलं काम: झारीने झाड वरपासून खालपर्यंत गोड्या पाण्याने धुतलं. मीठ सुयांवर वाळायच्या आत.

19 फेब्रुवारी

वाईट दिवस. एका बाजूच्या सुया टोकांकडून तपकिरी होताहेत. टोक आधी, मग मागे मागे. आज सकाळी 40 तरी डहाळ्या मोजल्या. सगळ्या एकाच बाजूच्या.

आधी जाळीला दोष दिला, मग पाण्याला, मग एकमेकांना. मग नवऱ्याने मोबाइलमधला 8 डिसेंबरचा फोटो काढला: कुंडी नळाला बांधलेली, आणि तुटलेल्या फांदीची जागा समुद्राकडे. तीच बाजू. मीठ सुयांत शिरतं, आत साठतं आणि नुकसान दिसायला दोन-तीन महिने लागतात. आम्ही काचा पुसल्या होत्या आणि झाड तसंच ठेवलं होतं, ते हे. "वाचलं बुवा" म्हणालो होतो त्या दिवशीच ते जळलं होतं.

27 जानेवारीला धुतलं ते दुसऱ्या बाजूंना उपयोगी पडलं असावं. ज्या बाजूला लागायचं होतं, तिथे वरातीमागून घोडं.

भर: दोष देण्याच्या भागात तिने स्वतःचं वाक्य गाळलंय. ते होतं, "तुला खिडकीतून दिसायला हवं होतं ना." ते खरं आहे. मलाच दिसायला हवं होतं.

20 फेब्रुवारी

मलाही.

8 मार्च

लावलं. चार दिवस पाऊस नव्हता, मातीला वाफसा आला होता. मुठीत दाबली तर ढेकूळ होतं, बोट लावलं की फुटतं. असा दिवस इथे शोधावा लागतो.

खड्डा गड्ड्याएवढाच खोल, पण रुंदी तिप्पट. उत्साहाच्या भरात खोल खणला तर झाड नंतर खाली बसतं आणि बुंधा मातीत जातो. बुंध्याचं आणि मुळांचं जिथे जुळतं ती जागा जमिनीच्या पातळीला उघडी राहिली पाहिजे. कुंडी काढल्यावर कळलं की मुळं आतल्या आत गोल गोल फिरली आहेत. तशीच लावली तर जमिनीतही ती गोलच फिरतात आणि झाडाला कधी पाय रोवता येत नाहीत. चाकूने गड्ड्यावर चार उभ्या चिरा दिल्या. हात थरथरला. तोडताना मुळांतून राळेचाच वास आला, डिसेंबरमधल्या खोलीचा.

खत खड्ड्यात घातलं नाही. आतच सगळं चांगलंचुंगलं मिळालं तर मुळं बाहेर कशाला जातील? वरून पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं सोडून. आळं करून दोन बादल्या पाणी.

टेकू एकच, बुटका. उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, रुंद पट्ट्याने, आठच्या आकड्यासारखा सैल वेढा घालून बांधला. नवऱ्याला उंच टेकू हवा होता. पण बुंधा वाऱ्यात हलला पाहिजे. हलण्यानेच तो खालून जाड होतो. घट्ट जखडलेलं झाड उंच आणि किडकिडीत वाढतं, आणि टेकू काढला की मोडतं. एक वर्षाने हाही काढायचा.

9 मार्च

तपकिरी डहाळ्या कापायच्या का यावर वाद. नाही, असं ठरलं. सुया मेल्या असल्या तरी कोंब जिवंत असू शकतो. मे महिन्यापर्यंत थांबायचं.

स्वीडनमध्ये फुलुफ्येल्लेट डोंगरावर याच जातीचं एक झाड आहे, ओल्ड टिक्को नावाचं. मुळांचं वय रेडिओकार्बनने काढलं ते सुमारे 9,550 वर्षं. हजारो वर्षं ते थंडीवाऱ्यात जमिनीलगत झुडपासारखं पसरून राहिलं. एक खोड मेलं की मुळांतून दुसरं. आत्ताचं सरळ, पाच मीटरचं खोड गेल्या शतकातलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे 40 मीटरची चिंता गेली."

2 एप्रिल

पाणी. खारे वारे. पाणी.

17 मे

शेंड्याच्या कोंबाची तपकिरी टोपी आज सुटली. आत पोपटी, मऊ, ब्रशसारखा झुबका. हाताला सुया वाटतच नाहीत. मागच्या बाजूला असे 60 च्या वर.

जळक्या बाजूला मोजले: 11. त्यातले दोन इतके खाली आहेत की गुडघे टेकून बघावे लागले. दोघांनीही टेकले.

उरलेल्या मेलेल्या डहाळ्या कापल्या. झाड आता एका बाजूने भरलेलं, एका बाजूने विरळ. किनाऱ्यावरच्या जुन्या झाडांचा असतो तसाच, वाऱ्याने विंचरल्यासारखा आकार, फक्त सव्वा मीटरचा.

5 ऑगस्ट

उंची 127. म्हणजे 9 सेंमी. बुंधा जमिनीलगत दोन मिलिमीटरने जाड. जाळीच्या पुढे काळ्या पाइनची सहा रोपं लावायचं ठरवलंय, ती मीठ सोसतात. आमच्या झाडाचा आडोसा पुढे जिवंत झाडांचाच व्हावा. रोपं थंडीच्या सुरुवातीला.

22 नोव्हेंबर

आज वर्ष झालं. काळे पाइन लावून झाले, गुडघ्याएवढे आहेत. सध्या त्यांनाच आडोसा लागतोय.

नवऱ्याने विचारलं, "मग या वर्षी घरात काय?" दोघांनी खिडकीतून मागे पाहिलं. (झाड आता स्वयंपाकघरातून दिसत नाही, न्हाणीघरातून दिसतं.) उपटून आणायचा प्रश्नच नाही. बाहेर दिवे लावले तर पहिल्या 8 ला माळ शेजाऱ्यांकडे. दुसरं झाड आणायचं? नको. अजून एवढी जाळी नाही.

मग तो माळ्यावर चढला. प्लास्टिकच्या झाडाचा वरचा अर्धा भाग स्प्रूसच्या रिकाम्या कुंडीत खोचला, भोवती गोटे भरले. उभं राहिलं. त्याने सवयीने गोट्यांत बोट खुपसून ओल पाहिली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

6 डिसेंबर

बॅरोमीटर 1004, सकाळपासून उतरतोय. रात्री 9 किंवा 10 येईल असं दिसतं.

कामं: जाळीचा डावा खांब किंचित हलतोय, पाचर मारायची. पट्टा एक भोक सैल करायचा, बुंधा वाढलाय. झारी भरून पडवीत ठेवायची, उद्या उजाडताच धुवायला. सहा पाइनही.

पाचरी सापडत नाहीत.

भर: सापडल्या. टोस्टरच्या खोक्यात होत्या. मी खांबापाशी आहे, टॉर्च घेऊन ये.